गवताचा ताप

८ सप्टेंबर १९४६, रविवार

नाताळात मिशनच्या मडमबाईंनी ही वही दिली आणि म्हणाल्या, हन्ना, रोज रात्री देवाचा एक उपकार लिहीत जा. आज उघडली. उपकार नव्हते असं नाही, पण बोर्डिंगच्या पोरींच्या भाकरी थापून झाल्यावर लिहायला हात उरतो कुणाचा? शाळा माझी मराठी तिसरीपर्यंत. चुकलं तर चुकलं.

आज लिहिण्यासारखं आहे. गेल्या आठवड्यात सत्या कायमचा घरी आला. सत्यवान, माझा धाकटा भाऊ. आई मानमोडीच्या साथीत गेली तेव्हा तो दुपट्यात होता, मीच वाढवला. माझा नवरा गेला तेव्हा मी रडले नसेन तेवढी सत्या लढाईवर गेला तेव्हा रडले. पाच वर्षं कराचीला होता. आधी इमानांची इंजिनं दुरुस्त करायचा, मग चालवायलाच शिकला. लायसन मिळालं ते खासगी. खासगी म्हणजे भाडं घ्यायचं नाही, आपल्या मौजेसाठी उडायचं. गरिबाने मौजेसाठी कसं उडायचं ते सरकारला कुणी विचारलं नाही.

पण देवाने गनीभाईंना बुद्धी दिली. घोडेगावात सगळे त्यांना ओळखतात. लढाईत मिल्ट्रीच्या खेचरांना गवत पुरवून पैसा झाला. लढाई संपल्यावर पुण्याला मिल्ट्रीचा माल लिलावात निघाला. लोक तंबू घेऊन आले, घमेली घेऊन आले, गनीभाई इमान घेऊन आले. एकावर एक असे दोन पंख, दोन माणसं बसायची जागा, वरून उघडं. चालवता येणारा तालुक्यात एकटा आमचा सत्या. पगार गनीभाईंच्या मोटारी दुरुस्त करायचा, जीव इमानात. माळावर गनीभाईंच्या गवताच्या गंज्या आहेत, त्यांच्या मधोमध गवताचेच गठ्ठे रचून, वर पत्रे टाकून इमानाला गोठा केलाय. ऊबदार आहे. सत्या दिवसभर तिथंच असतो.

१४ सप्टेंबर

सत्याला पडसं झालं. साधं पडसं नाही, शिंकांची माळच लागते. डोळे लाल, नाकातून धार. सगळीकडे बाजरी फुलोऱ्यावर आलीय, हवा चांगली आहे, पाऊस उघडलाय, आणि याचं हे.

म्हटलं, "कराचीत असं व्हायचं?"

"एकदाबी न्हाई झालं, आक्का."

"मग तिथलंच साचलेलं निघतंय. निघू दे."

आलं, मिरं आणि गवती चहा उकळून पाजला. पुन्हा शिंकला. जास्तच शिंकला.

२० सप्टेंबर

आज गनीभाईंना वर न्यायचं होतं. सगळा गाव माळावर. गनीभाई नवा कोट घालून पुढच्या जागेत बसले, पट्टे आवळले. पोटावरचा पट्टा पुरेना, तो दोरीने बांधला. मागं सत्या. पुंजाराम इंजिनाचा पंखा फिरवायला उभा. तो गनीभाईंचा जुना गडी, बैलाचं शिंग धरावं तसा पंखा धरतो.

सत्या ओरडला, "फिरव!" आणि त्याच दमात शिंकला.

पुंजारामने पंखा सोडला आणि खाली मांडी घालून बसला.

"काय झालं रं?" गनीभाई वरून.

"शिंक झाली मालक. घटकाभर थांबा."

"अरे बाबा, इमान हाय का बैलगाडी?"

"बैलगाडीला थांबतो, मंग ह्येला न्हाई थांबायचं? ही तर वर जातीया."

घटकाभर थांबले. पुंजाराम उठला, पंख्याला हात घातला, सत्या पुन्हा शिंकला. लागोपाठ. बाया कुजबुजायला लागल्या. कोणी म्हणालं एक शिंक वाईट, दोन चालतात. कोणी म्हणालं मग जोडीनं मोजा. पुंजाराम मोजत बसला आणि मध्येच चुकला.

गनीभाईंनी दोरी सोडली. "हन्नाबाई, आमच्यात शिंक आली की अल्लाची तारीफ करत्यात. लई चांगली गोष्ट. पण जमिनीवर." उतरले.

मी सत्याला घरी आल्यावर झाडला. चारचौघांत तोंड दाबून धरता येत नाही? तो म्हणाला, "आक्का, लोकांचं सोड. शिंकताना डोळं मिटत्यात. उतरताना मिटले तर?"

"मग मिटू नको."

हसला. मला हसू आलं नाही. पाद्रीबाबा सांगतात शकुन-अपशकुन सैतानाचं काम आहे आणि मी दर रविवारी मान डोलावते. पण खरं लिहायचं तर पुंजारामबरोबर मीही मनात शिंका मोजत होते.

२९ सप्टेंबर

काल त्याला नगरच्या मिशन दवाखान्यात नेला. डॉक्टरीणबाई गोऱ्या, वयस्कर, मराठी बोलतात पण शब्द उलटेसुलटे ठेवतात. नाकात बघितलं, छातीला नळी लावली, कुठं राहतो, काय करतो, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "याला गवताचा ताप आहे."

मी तिथल्या तिथं सत्याच्या कपाळाला हात लावला. गार. म्हटलं, "बाई, ताप नाही याला."

"नाही, नाही. ताप नसतो. नाव ताप आहे."

ताप नसलेला ताप! वर औषध पण नाही म्हणाल्या. या दिवसांत फुलांची, गवताची धूळ हवेत असते, ती याला सोसत नाही. गवतापासून लांब राहायचं. जमलं तर भादव्यापासून कार्तिकापर्यंत समुद्राकडे जाऊन राहायचं. "कराचीला बरा होतास ना? मग तिथंच जा."

येताना मोटारीत सत्या म्हणाला, "कराचीचा माझा मित्र हाय, क्लबात. तो ठेवून घेतो म्हणालाय. इंजिनाचं काम, उडायलाबी मिळंल."

मी म्हटलं, "जा की. जा. तिथं तुला करून कोण घालणार?"

"पाच वर्षं कोण घालत हुतं?"

मी खिडकीतून बघत बसले. या मातीत जन्मला, या बाजरीवर वाढला, आणि याच बाजरीची म्हणे धूळ बाधते. असं कुठं असतं? आईचं दूध बाधलं म्हणण्यासारखं झालं. नोव्हेंबरात पुण्याला त्याची लायसनची तपासणी आहे, मोठे डॉक्टर आहेत. दरसाल करावी लागते. तेवढी पार पडू दे, मग एखादी पोरगी बघते. पोरगी आली की कराची विसरेल.

घरी आल्यावर म्हणाला, "आक्का, तू म्हणशील तसं."

मी म्हटलं, "मी म्हणते राहा."

६ ऑक्टोबर, रविवार

आता छातीपण भरते. गनीभाईंकडे गवत कापून यायला लागलंय. इमानाच्या गोठ्यातून सत्या आला तो भात्यासारखा वाजत होता. दाराला धरून उभा राहिला, खांदे वर, बोलता येईना. मी पाठ चोळली, राईचं तेल लावलं, देवाचं नाव घेतलं. काही नाही. शेवटी साळूबाईला हाक मारली. शेजारीण, म्हातारी, झाडपाल्याचं तिला कळतं.

ती बघून म्हणाली, "दमा हाय ह्यो. पाद्र्याला सांगू नगंस, मी सांगते त्ये कर."

उकिरड्यावरचा धोतरा तोडून आणला. पानं विस्तवावर शेकून वाळवली, चुरली, पानात गुंडाळून विडी केली. "बीला हात लावायचा न्हाई. पानच. एक विडी वढायची, ती बी आडवारी, एक दिस सोडून."

आमच्यात विडी-तंबाखू बंद. ख्रिस्ती मंडळीच्या नेमात लिहिलंय, विडी ओढणाऱ्याला प्रभुभोजन नाही. पण हा तंबाखू नव्हे, धोतरा आहे. देवाला फरक कळत असेल. सत्याला चुलीमागं बसवला आणि ओढायला लावली.

भाकरी भाजून होईस्तोवर श्वास मोकळा. नाक कोरडं. शिंक म्हणून नाही. त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "आक्का, तू इतक्या उशिरा का सांगितलंस?"

डॉक्टरीणबाईंनी यावं आणि बघावं.

११ ऑक्टोबर

आडवारीने भागत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा घरघर. रोज सकाळी एक द्यायला लागले. काल संध्याकाळचीपण दिली. मोठा गुण आहे. डोळ्यांची लाली गेली, उलट कसे काळेभोर टपोरे झालेत, लहानपणी होते तसे. मंडळीतल्या बाया म्हणाल्या, सत्यवानाच्या डोळ्यांत तेज आलंय. मी म्हटलं, आक्काच्या हातची भाकरी आहे.

तोंडाला कोरड पडते म्हणतो, तांब्यामागून तांब्या पाणी पितो. पिऊ दे. पाण्याला काय तोटा आहे.

१७ ऑक्टोबर

उडाले! पुंजारामने पंखा फिरवला, सगळा गाव श्वास धरून सत्याच्या नाकाकडे बघत होता, आणि नाक गप्प. नेवाशापर्यंत जाऊन आले. गनीभाई उतरले तेव्हा कोटाची बटणं तुटलेली, पगडी काखेत. म्हणाले, "हन्नाबाई, वरून प्रवरा अशी दिसती जशी कुणी सांडलेली. आन् मान्सं मुंगीवानी. माझा देणेकरी रस्त्यानं चालला हुता, वळखूच आला न्हाई!"

सत्याला किती आनंद झाला ते लिहिता येत नाही. गोठ्यात गेला आणि इमानाच्या नाकावर हात ठेवून उभा राहिला, पोरगं पहिल्या वासराजवळ उभं राहतं तसा. मी आत गेले नाही.

जेवताना म्हणाला, "ऊन लई लागतंय डोळ्यांना. काळा चष्मा घातला तरीबी."

"वर उन्हाच्या जवळ जातोस, लागणार नाही तर काय?"

२६ ऑक्टोबर

दिवाळी परवा झाली. आमची नाही, पण गनीभाईंनी सगळ्यांना इमान दाखवायचं ठरवलं. बाजाराचा दिवस, माळाच्या कडेला जनावरं. सत्या एकटाच वर गेला, दोन फेऱ्या घातल्या, उतरायला आला.

मला त्यातलं कळत नाही. पण इमान अजून वर आहे असं मला दिसत होतं तेवढ्यात खाली दणका बसला. आपटलं, उडालं, पुन्हा आपटलं. एक चाक निखळून बाजारात गेलं. म्हशी दावी तोडून पळाल्या. एक पंख जमिनीत घुसला आणि सगळं गरकन फिरून थांबलं. कुणाला लागलं नाही, हा देवाचाच उपकार. सत्याचं कपाळ फुटलं.

लोक माझ्याकडे बघून म्हणाले, शिंकला का? मी म्हटलं, नाही! एकदाही नाही. मी कान देऊन होते.

कपाळ बांधताना त्याला विचारलं. तो म्हणाला, "पुढची घड्याळं पुसट झाली हुती, आक्का. काटं दिसंनात. आन् जमीन... जमीन नुस्ती पांढरी."

"रात्रीचं कंदिलाजवळ इमानाचं पुस्तक वाचतोस ना, त्याचं हे."

पुस्तक पेटीत घालून कुलूप लावलं. डोळ्यांवर दुधाच्या घड्या ठेवल्या. साळूबाईलाही विचारून आले की विडी जास्त तर होत नाही? ती म्हणाली, "लई झाली की मानूस बरळतं. बरळतंय का त्ये?"

"नाही."

"मंग हाय त्ये चालू दे."

गनीभाई रागावले नाहीत. म्हणाले, "चाक मिळंल. सत्यवान कुठं मिळंल?" भला माणूस.

१० नोव्हेंबर, रविवार

चाक बसलं, पंखाला ठिगळ लागलं. गुरुवारी पुण्याची तपासणी. सगळं तिच्यावर आहे. लायसन राहिलं तर सत्या माणसात आहे. नाही तर काय? मोटारीखाली झोपून तेल अंगावर घेणारे छप्पन्न आहेत.

माझी भीती एकच. डॉक्टरसमोर शिंकला, घरघरला, तर संपलं. खळ्यावर बाजरी उफणतायत, भूस घरात येतंय, आणि त्याला परवापासून दुपारीपण एक लागते. प्रवासासाठी जाड विड्या वळून दिल्या, रुमालात बांधल्या. सांगितलं, तपासणीच्या आधी एक ओढून घे, आत जाताना खडीसाखर तोंडात टाक.

अजून एक सांगितलं. चालचलनाच्या दाखल्यावर पाद्रीबाबांनी स्वतःच्या सहीने लिहिलंय, दारू-विडी ओढत-पीत नाही. तेव्हा डॉक्टरने विचारलं तर नाही म्हणायचं. विडी म्हणून नाही, औषध म्हणूनही नाही. गावठी औषध म्हटलं की ते लोक हसतात, आणि हसले की कागदावर लिहितात.

"खोटं बोलू?"

"पाद्रीबाबांना खोटं पाडण्यापेक्षा बरं."

मान हलवली. पोर लहानपणापासून ऐकतं माझं.

१५ नोव्हेंबर

आला. उंबऱ्यात बसूनच बूट सोडत राहिला. मी पाणी दिलं. मग आपणच बोलला.

छाती बघून डॉक्टर म्हणाला, उत्तम. नाक उत्तम. कान उत्तम. शिंक नाही, खोकला नाही. मग हातात छापील कागद दिला, वाच म्हणाला. अक्षरं मुंग्यांसारखी पळत होती. हात लांब केला, आणखी लांब केला. डॉक्टर म्हणाला, म्हाताऱ्यांसारखा काय करतोस? मग बॅटरी मारली. एका डोळ्यात, दुसऱ्या डोळ्यात, परत पहिल्या डोळ्यात. म्हणाला, बाहुली आकसत नाही. डोळ्यांत काही घालतोस? नाही. कुठलं औषध घेतोस? नाही. विडी-सिगरेट? नाही.

"तीनदा विचारलं आक्का त्यानं. चांगला माणूस हुता."

"आणि तू?"

"तीनदा न्हाई म्हणालो."

म्हणजे ज्याला मी भीत होते ते सगळं पार पडलं, आणि ज्याचा विचारसुद्धा नव्हता त्यात पोर अडकलं. डोळे! आमच्या घरात कुणाला चष्मा नाही. डिसेंबरात दुसऱ्या डॉक्टरांपुढे एकदा जायचं आहे, तेवढी सवलत दिली. तोवर इमानाला हात लावायचा नाही.

२४ नोव्हेंबर

कलेजी आणली. गाजरं रोज. गाईचं तूप तळपायाला. शेवग्याचा पाला. सकाळी दवात अनवाणी चालवते, डोळ्यांना थंडावा येतो म्हणतात. गवतात चालला की घरघरतो, मग विडी देते. काय करणार, एक बांधावं तर दुसरं सुटतं.

तो गोठ्यात जाऊन इमानात बसतो. उडत नाही, नुसता बसतो. पुंजाराम सांगत होता, "दांडी हलवून बघतंय, आन् त्वांडानं हळूच इंजिनाचा आवाज काढतंय." मी पुंजारामला म्हटलं, बघत काय बसलास, तुला कामं नाहीत?

२० डिसेंबर

दुसरे डॉक्टर. तेच. बाहुल्या, कागद, बॅटरी. या वेळी कागदावर लिहून दिलं. सत्याने वाचायला पाद्रीबाबांकडे दिला, स्वतःला वाचता आला नाही. कायमचा नालायक.

नालायक! ज्याने गनीभाईंना प्रवरा दाखवली तो.

मी प्रार्थना केली नाही. देवाला वाटलं तर त्याने बोलावं.

नाताळ

केक केला. तो जेवला नाही. मंडळीत गाणं म्हणायला उभा राहिला आणि पुस्तक उलटं धरलेलं मी पाहिलं. कुणी पाहिलं नसावं.

१९ जानेवारी १९४७

इमान गेलं. मुंबईच्या कुणी पारशाने घेतलं. पंख सोडवून लॉरीत घातले. सोडवले सत्यानेच, दुसऱ्याला येत नाही. बोल्ट हाताने चाचपून काढत होता. लॉरी वळली तेव्हा गनीभाई मोठ्याने रडले, पुंजाराम रडला, मी पदर लावला. सत्याने हात पुसले आणि विचारलं, "गनीभाई, उद्या काय काम?"

गनीभाईंनी त्याला गवत दाबून गठ्ठे करायच्या यंत्रावर ठेवलंय. "भाऊ म्हणून ठेवतो," म्हणाले. मनाचा मोठा माणूस.

१२ फेब्रुवारी

हवा कोरडी झाली. शिंका गेल्या, घरघर गेली. विडी संक्रांतीनंतर आपोआप सुटली, आठवणसुद्धा राहिली नाही. उरलेली पानं टोपलीत घालून शिंक्यावर टांगलीत, पुढच्या साली लागतील.

बोलत नाही फारसा. पण घरी आहे, दोन वेळा ताटावर आहे. डोळ्यांपुढे आहे.

६ एप्रिल, ईस्टर

आज नवल झालं. पाद्रीबाबांचा घसा बसला होता, त्यांनी सत्याला वाचायला उभं केलं. मी खाली मान घातली. नाताळातलं आठवलं. पण हा वाचायला लागला. बारीक छापाचं पुस्तक, घडाघडा, एक शब्द अडला नाही. वाचता वाचता मध्येच थांबला. पानाकडे बघत राहिला. मंडळीला वाटलं गहिवरला. मग पुढचं वाचलं, पण हळू.

मी तिथंच रडले. देवाने डोळे परत दिले! गाजरं, तूप, काही फुकट गेलं नाही.

घरी आल्यावर तो उंबऱ्यात उभं राहून म्हणाला, "आक्का, विडी कवा सुटली माझी?"

"संक्रांतीच्या आसपास. का?"

"आन् लागली कवा?"

"ऑक्टोबरात नाही का, तू दाराला धरून उभा होतास? असं का विचारतोस?"

"काही न्हाई."

बसला. मी म्हटलं, अरे, आता पुन्हा जा पुण्याला, डोळे दाखव, म्हणावं बघा! तो माझ्याकडे बघत होता. असा बघत होता की मला वाटलं माझ्या तोंडाला काही लागलंय, पदराने पुसलं.

"नाकातनं न्हाई तर डोळ्यांतनं, आक्का," तो म्हणाला. "कुठनं तरी भायेर पडायचंच हुतं."

खरं आहे. सरकारला एकदा माणूस काढायचा झाला की भोक सापडतंच.

७ एप्रिल

वेड लागलं का याला? सकाळी मी बोर्डिंगला गेले तेवढ्यात शिंक्यावरची टोपली काढून सगळी पानं चुलीत घातली. घरभर धूर. मी आल्यावर ओरडले, "अरे, मी उन्हात बसून वाळवली होती ती!"

"म्हायीत हाय," म्हणाला.

"मग?"

तो फुंकणी घेऊन फुंकत राहिला. धुराने डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. मी दोन दिवस बोलणार नाही त्याच्याशी.

३ ऑगस्ट, रविवार

पुष्कळ दिवस लिहिलं नाही. काही घडत नाही. मुलगी दाखवली, श्रीरामपूरकडची, शिकलेली. नको म्हणाला. कराचीचं मीच काढलं या वेळी. म्हटलं, जायचं तर जा बाबा, मी अडवत नाही. तोंड बघवत नाही तुझं. तो म्हणाला तो मित्र सिंधी, तोच बोचकी बांधून मुंबईला येऊन बसलाय. कराची आता दुसऱ्या मुलखात चालली.

मागच्या साली जा म्हटलं असतं तर? पण तेव्हा तरी काय, डोळे तिथंही गेले असते. जे व्हायचं ते जागा बघून होत नाही.

१४ सप्टेंबर

बाजरी फुलली. आज यंत्रावरून लवकर आला. ओल्या गवताचे गठ्ठे, सगळं अंग भुशाने माखलेलं, शिंकून शिंकून नाकाचं कातडं गेलेलं, छाती वाजतेय. गनीभाईंनी गाडीत घालून पाठवला. गाडीवान पुंजाराम. शिंकांवर आता कुणी थांबत नाही, गवताला कसला अपशकुन.

मी म्हटलं, बस आता वाजत. पानं जाळणारा तूच ना?

तो ओट्यावर टेकला नाही. तसाच उकिरड्याकडे गेला, खाली वाकून धोतऱ्याची पानं तोडली, धोतराच्या सोग्यात घेऊन आला आणि माझ्यापुढे ठेवली.

"वळून दे, आक्का."

"आत्ता शहाणपण आलं का?"

"व्हय. आता वढायला हरकत न्हाई."

मी म्हटलं, "मग तेव्हा काय हरकत होती?"

त्याला दम लागला होता. भिंतीला हात टेकून म्हणाला, "नव्हती, आक्का. तवाबी नव्हती. दे वळून."

वळून दिली. एक ओढली, दुसरी मागितली, तिसरीपण मागितली. दिली. श्वास बसला. नाक कोरडं झालं. मग ओट्यावर भिंतीला टेकून बसला, मी शेजारी लसूण सोलत होते. दुपार टळली होती. वरून मिल्ट्रीचं इमान गेलं, हल्ली पुष्कळ जातात. मी बोटाने दाखवलं. म्हटलं, "ते बघ, लिंबाच्या शेंड्यावर. किती खालून चाललंय!"

त्याने मान वर केली. डोळे काळेभोर, मोठे. उन्हाला हात आडवा धरला.

"दिसलं," म्हणाला. "झ्याक चाललंय."

आणि बघत होता तो देवळाच्या बाजूला. इमान केव्हाच पार गेलं होतं, तरी तिकडेच बघत होता. मी लसूण आत नेऊन ठेवला.